जिभेवर तपासलेल्या गोळ्या

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत माझ्या चुलत सासऱ्यांइतक्या गुळगुळीत गोळ्या कोणी बनवल्या नाहीत आणि त्यांच्याइतकी कमी डुकरंही कोणी मारली नाहीत. माझ्या माहितीत एकही डुक्कर नाही. शेताच्या राखणीसाठी त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. नव्वदीच्या दशकात मी धसईजवळच्या त्या घरात सून होऊन आले, तेव्हा रानडुकरं वरच्या शेतातली नाचणी तुडवत होती आणि काका ओटीवर बसून गोळ्या घडवत होते. बार काढायची वेळ क्वचित यायची, गोळ्यांचं काम मात्र रोजचं. त्या गोळ्यांनीच पुढे त्यांचा जीव घेतला, आणि त्यासाठी गोळ्यांना बंदुकीत जावंही लागलं नाही.

शहापूरला हायवेवरच्या एका गॅरेजातून ते जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं आणत, परसातल्या चुलीवर वितळवून साच्यात ओतत. खरं काम त्यानंतर. एका लोखंडी पट्टीला नळीच्या मापाचं भोक होतं. प्रत्येक गोळी त्यातून दाबून काढायची. अडकली तर जाड, सुळकन पडली तर बारीक, दोन्ही परत चुलीवर. पास झालेलीला मेण आणि खोबरेल कढवून केलेलं वंगण. मेणसुद्धा डोंगरातल्या वाडीवरून येणाऱ्या एका ठरावीक बाईचंच. दुसऱ्या कोणाचं आणलं तर नुसतं हुंगून परत करायचे. आणि वंगणाआधी शेवटची तपासणी म्हणून गोळी तोंडात. जिभेवर घोळवून कुठे कंगोरा राहिलाय का ते बघायचं. "बोटाला समजत नाय, जिभंला समजतं," असं ते सांगत. एका वेळी चार-चार गोळ्या गालात असत. एकदा नणंदेला बघायला आलेल्या पाहुण्यांना वाटलं, पान आहे. एकाने अदबीने पिकदाणी पुढे केली. काकांनी तीत खणखण दोन गोळ्या टाकल्या आणि बोलायला सुरुवात केली.

मी एकदा विचारलं, "काका, नुसत्या आवाजानं डुक्कर पळतं. गोळी कशाला?"

"त्याला कळतं गो, नळीत काय हाय ते."

"मग येतं कशाला?"

"बगाया. माजी गोळी झाली का नाय."

काकू आतून म्हणाल्या, "लग्नात पन तोंडात गोळीच व्हती. म्हनून तर गप उभा राहिला."

पुढे त्यांचं पोट दुखायला लागलं. कळ आली की माणूस दुमडून जायचा. मी ओवा दिला, गॅसच्या गोळ्या दिल्या. हिरड्यांवर निळसर काळी रेघ दिसली तेव्हा मिश्री कमी करा म्हणून ओरडले. कळ विसरायला ते पुन्हा पट्टी घेऊन बसायचे, चार गोळ्या गालात टाकून. "तेवडा टाइम पोटाची आठवन नाय राहात," म्हणायचे. मग एका सकाळी उजवा हात मनगटातून खाली लोंबला. बशी उचलेना.

जीपने कल्याणला नेलं. डॉक्टरांनी कुठल्या कारखान्यात काम करतात म्हणून विचारलं. मी गोळ्यांचं सांगितलं, जिभेचंही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. रक्तात शिसं होतं, मूत्रपिंडं बरीचशी गेली होती. यापुढे शिशाला हात लावायचा नाही, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याला बोलावलं. साचा, पळी, पट्टी, उरलेलं शिसं, सगळं ओटीवर काढलं. ओतून झालेल्या पण पट्टीतून न काढलेल्या सोळा गोळ्या काकांनी मांडीवर धरून ठेवल्या होत्या.

"सूनबाई, येवड्या काडून दे. माजा हात चालत नाय. तोंडात नाय घालनार."

"द्या इकडे," म्हटलं, आणि त्याही भंगाराच्या डब्यात टाकल्या. ते भांडले नाहीत. भंगारवाल्याची सायकल वळणाआड जाईपर्यंत रस्त्याकडे बघत बसले. पुढच्या पावसाळ्यात गेले.

माझं चुकलं असं मला वाटत नाही. पुन्हा वेळ आली तरी ते सामान मी घरात ठेवणार नाही. फक्त भंगारवाला त्या दिवशी चहाला थांबला होता. हाताला फडकं गुंडाळून सोळा गोळ्या पट्टीतून काढायला तेवढा वेळ पुरला असता.