सेनेटबाई आणि मारुतीचा बैल

“या बाईंना वाचता येत नाही,” असं म्हणून सेनेटबाईंनी पेन्सिल उचलली.

‘या बाई’ म्हणजे आमची गंगाक्का. गंगाक्का हाताला लागेल ते वाचायची. गुळाच्या पुडीचा कागद, काड्यापेटीवरची अक्षरं, सर्व्हिस मोटारीच्या पाठीमागचं लिखाण. मोटार निघून गेली तरी ही आपली तोंडातल्या तोंडात अक्षरं जुळवत उभी. आणि आज तीच गंगाक्का पुस्तक मांडीवर घेऊन, पदर कपाळापर्यंत ओढून, गोष्टीच्या पहिल्याच ओळीवर मुकी होऊन बसली होती.

दुसरी मोठी लढाई संपत आली होती तेव्हाची ही गोष्ट. बेळगावातल्या एका कॉलेजच्या एक्स्टेन्शन विभागात मी नोकरीला होते. एक्स्टेन्शन म्हणजे कॉलेजच्या भिंतीबाहेरचं काम. प्रोफेसर मंडळी शहरात भाषणं द्यायची, आणि आम्हा बारक्या माणसांना खेडी वाटून दिलेली. माझ्या वाट्याला निपाणीच्या बाजूचं एक गाव आलं होतं. गावाचं नाव घेत नाही. नावं न घ्यायची सवय मला तिथंच लागली.

चावडीच्या मागं एक खोली होती. तिथं आमचं ‘रीडिंग सर्कल’ भरायचं. नाव मोठं, काम सोपं. बायकांनी गोल करून बसायचं, एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि चुकलं की हसायचं. दिवसभर तंबाखूत राबून बायका दिवेलागणीला यायच्या. त्यातल्या जैनांच्या बायका पहिल्या. त्यांची जेवणं सूर्य मावळायच्या आत उरकलेली असायची, म्हणून कंदिलाजवळची जागा कायम त्यांची. शेतकऱ्यांच्या बायका चूल आवरून हात पुसत येईपर्यंत मागची भिंतच शिल्लक. यावरनं रोज एक भांडण व्हायचं. भांडण मिटलं की वाचन सुरू.

आता सेनेटबाई कोण ते सांगते. त्या पुण्याच्या एका बायकांच्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉल, आणि शिवाय विद्यापीठाच्या सेनेटवर. सेनेट म्हणजे विद्यापीठाचा कारभार बघणारी मोठी सभा. तिथं सगळ्या पगड्या आणि टोप्या. पदर म्हणाल तर बोटावर मोजण्याइतके. या बाईंनी सभेत उभं राहून मागणी केली की खेड्यातल्या बायकांचे वाचनवर्ग विद्यापीठानं कायमचे चालवावेत. त्यावर एक पगडी म्हणाली, “आधी त्या वाचतात का, ते तरी बघून या.” सभा हसली. बाई हसल्या नाहीत. त्या खरंच बघायला निघाल्या, आणि नेमक्या माझ्या वर्गावर आल्या.

आमच्या विभागाचे सेक्रेटरीसाहेब आदल्या आठवड्यापासनं घायकुतीला आले होते.

“त्यांना चहा चांगला द्या,” ते म्हणाले.

“सर, त्या चहा घेत नाहीत म्हणे.”

“मग वाचन चांगलं द्या! बाईंना पटलं तर सगळीकडचे वर्ग चालतील. नाही पटलं तर तुमचा पहिला बंद. आणि वर्गच नसला तर तुम्ही शिकवणार कुणाला?”

“म्हणजे माझी नोकरीपण जाणार?”

“मी तसं म्हटलं नाही,” साहेब म्हणाले. म्हणजे तसंच होतं.

गावात आणखी एक अडचण होती. तिचं नाव आप्पा पाटील. मिशा भरघोस, आवाज त्याहून भरघोस. आप्पांना आमची खोली तालमीसाठी पाहिजे होती. लाल माती आणून टाकायची, पोरं घुमवायची. “बायका वाचून काय बॅरिस्टर होनार हायत?” असं ते येता-जाता मला ऐकवायचे. आणि हे आप्पा म्हणजे गंगाक्काचे थोरले मामंजी, सासऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर तिचा पदर डोक्यावरनं तसूभर मागं सरायचा नाही.

सेनेटबाई आल्या त्या, लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालणाऱ्या मोटारीतनं. पांढऱ्या लुगड्यावर काजळी, पण चेहरा इस्त्री केलेला. आल्या आल्या त्यांनी मला बाजूला घेतलं.

“नेहमीची पुस्तकं नकोत. मागं एका वर्गात बायकांनी अख्खं पुस्तक घडाघडा म्हणून दाखवलं. मी ते उलटं धरलं, तरी म्हणतच होत्या! म्हणून मी माझं पुस्तक आणलंय.”

“पण बाई...”

“आणि तुम्ही तोंडातनं एक शब्द काढायचा नाही. प्रॉम्प्टिंग मला चालत नाही.”

पिशवीतनं त्यांनी गोष्टीचं कोरं करकरीत पुस्तक काढलं. पहिलं पान मला लांबनं दिसलं. ‘एका गावात मारुती नावाचा शेतकरी राहत होता.’

गंगाक्काच्या नवऱ्याचं नाव मारुती.

आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. सासऱ्याचं नाही, थोरल्या दिराचं नाही, घरातल्या कुठल्याच वडीलधाऱ्याचं नाही. नुसतं नावच नव्हे, नावासारखं काही असलं तरी जीभ आवरायची. आमच्या पद्माक्काच्या नवऱ्याचं नाव बाळाप्पा. ती कुणाच्या बाळाला बाळ म्हणायची नाही, लेकरू म्हणायची. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि नवऱ्याचं नाव दोन्हीकडं बंद. नाव घ्यायचंच झालं तर उखाण्यात. पण प्रत्येक ओळीला उखाणा घ्यायचा म्हटलं तर एक गोष्ट दिवाळीपर्यंत पुरली असती.

हा घोळ मला पहिल्याच महिन्यात कळला होता. म्हणून मी वर्गात फक्त जनावरांच्या गोष्टी ठेवल्या होत्या. ससा, कासव, कोल्हा, कावळा. आमच्या गावात कुणाचा नवरा ससा नव्हता. त्यामुळं वर्ग कसा सुरळीत चालला होता. माझं स्वतःचं लग्न व्हायचं होतं, मला सगळी नावं मोकळी. पण माझं तोंड बाईंनी आधीच बंद केलेलं.

सेनेटबाई गंगाक्काजवळ वाकल्या. “वाच. एका गावात... पुढं?”

गंगाक्काचं बोट पुढच्या शब्दावर अडलं.

“हे कुठलं अक्षर? म ना? त्याला काय? काना. मग काय झालं?”

गंगाक्कानं पदराचा काठ दातात धरला. समोर खुर्चीवर, तमाशा बघायला आलेले थोरले मामंजी मिशीला पीळ देत बसलेले. त्यांच्यासमोर ‘हे आमच्या मालकांचं नाव आहे’ एवढं सांगायचीसुद्धा चोरी.

“या बाईंना वाचता येत नाही,” सेनेटबाई म्हणाल्या ते इथं.

“बाई, जरा ऐका...” मी म्हटलं.

“तुम्ही गप्प बसा!”

पुस्तक पद्माक्काकडं गेलं. पद्माक्कानं ‘मारुती नावाचा शेतकरी राहत होता’ हे असं खणखणीत वाचलं की माझा जीव भांड्यात पडला. पण पुढची ओळ होती, ‘त्याच्या मुलाचं नाव बाळू.’ पद्माक्का म्हणाली, “अय्यो!” आणि पुस्तक खाली ठेवलं. तिसरी रत्नाबाई. मारुती तिचा थोरला दीर. तिनं पुस्तकाला हातच लावला नाही.

सेनेटबाई पेन्सिलीनं काहीतरी लिहीत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची इस्त्री तेव्हा पहिल्यांदा मोडली. मला वाटलं होतं त्या चिडल्या असतील. तसं नव्हतं. बाईंना रडू येत होतं. आता सभेत परत जाऊन त्या पगडीला काय सांगणार होत्या त्या?

आप्पा पाटलांना मात्र आनंद मावेना. का अडलंय ते त्यांना शंभर टक्के ठाऊक होतं. तरी हा गृहस्थ म्हणतो कसा, “मी सांगत हुतो न्हवं, बाईसाब? वर्सभर बसून नुस्ती चटई झिजवल्याली. तालमीच्या पोरास्नी द्या खोली. आजच माती टाकतो.”

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची मिशी उपटावीशी वाटली.

पण माझ्याआधी गंगाक्का पेटली. तिनं पद्माक्काच्या पुढ्यातलं पुस्तक ओढून घेतलं, डोक्यावरचा पदर पक्का खोचला, थोरल्या मामंजींकडं पाठ केली आणि आवाज लावला.

“एका गावात आमचं मालक नावाचा शेतकरी राहत होता. त्याच्या मुलाचं नाव बाळू. आमच्या मालकांचा एक बैल होता. बैल फार मारका होता.”

खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. सेनेटबाईंनी मान वर केली. “हे काय वाचतेय ही?”

गंगाक्का आता थांबणार नव्हती. “त्याच गावात थोरलं मामंजी नावाचा एक आळशी माणूस होता.”

आप्पांचा हात मिशीवरच राहिला.

मी पुस्तकाकडं नजर टाकली. गोष्टीतल्या चोराचं नाव होतं तातोबा. आणि गावानं ज्यांना जन्मभर आप्पा म्हटलं त्या पाटलांचं पाळण्यातलं नाव तातोबाच!

“थोरल्या मामंजींच्या मनात पाप आलं. एके दिवशी थोरल्या मामंजींनी आमच्या मालकांचा बैल चोरला.”

“आं?” आप्पा खुर्चीतनं उठले. “कुनी चोरला? मी? कवा?”

“पुस्तकात लिवलंय, मामंजी,” गंगाक्का मान न वळवता म्हणाली आणि पुढं सुटली. “पण बैल हुशार होता. थोरल्या मामंजींनी दावं कमरेला बांधून घेतलं होतं. बैल उधळला आणि घराकडं पळाला. थोरलं मामंजी मागं फरफटत निघालं. सारा गाव बघायला जमला.”

तो जमलाच होता. हसण्याचा आवाज ऐकून चावडीपुढची गडीमाणसं दारात येऊन उभी राहिली होती आणि जो तो विचारत होता, “पाटलांनी बैल कुनाचा चोरला रं?” पद्माक्का हसून हसून भिंतीला टेकली होती.

सेनेटबाई गंभीरपणे आप्पांकडं वळल्या. “पाटील, हा काय प्रकार आहे? यांचा बैल तुम्ही...”

“अवो बाईसाब, मी न्हाय!” आप्पा घामानं थबथबले. “ते पुस्तकातलं हाय. चोराचं नाव तातोबा हाय. माझंबी तातोबा हाय. ही माझी सून लागती, ती माझं नाव कशी घील? म्हनून मामंजी म्हनती. आन् त्यो मारुती म्हंजी हिचा न्हवरा. आमच्यात बायका नावं घेत न्हाईत, बाईसाब!”

“अस्सं,” सेनेटबाई म्हणाल्या. मग एकेक शब्द तोलून त्यांनी विचारलं, “म्हणजे पहिल्या ओळीला ती थांबली, ती नाव वाचून थांबली?”

“व्हय की!”

“आणि आता तिनं वाचलं ते बरोबर वाचलं?”

दारात सारा गाव. एकीकडं तालीम, एकीकडं बैलचोरीचा आळ. आप्पा ओरडले, “बरोबर वाचलं! अक्षर न् अक्षर बरोबर वाचलं! लई ब्येस वाचती आमची सून!”

सेनेटबाईंनी पेन्सिलीच्या मागच्या रबरानं आधीचं लिहिलेलं खोडलं. मग मात्र त्या हसायला लागल्या ते थांबेचनात. चष्मा काढून डोळे पुसले, परत हसल्या. त्या हसण्यात त्यांचं मघाचं रडूपण होतं, हे मला स्पष्ट दिसलं.

बायकांनी ही संधी सोडली नाही. पद्माक्का म्हणाली, “बाई, आता तुमच्या मालकांचं नाव काय, सांगा की.”

पगड्यांच्या सभेत उभं राहून बोलणारी ही बाई. “ह्यांचं? हे म्हणजे... ते पुण्यालाच असतात,” म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली. मग बायका कसल्या सोडतात! शेवटी बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

“सेनेटच्या खुर्चीत बसते मी ताठ,
वामनरावांचं नाव घेते, आता सोडा पाठ!”

जाताना मोटारीत बसता बसता त्या माझ्यावर डाफरल्या, “तुम्ही मला आधी का सांगितलं नाही?”

मी गप्पच बसले. त्यांनीच बसवलं होतं.

पुढं सेनेटमध्ये बाईंनी ही गोष्ट जशीच्या तशी सांगितली म्हणे. पगड्या पोट धरून हसल्या, आणि हसण्याच्या भरात मागणी मंजूर झाली. आमचे सेक्रेटरीसाहेब मला म्हणाले, “मला खात्री होतीच.” खोली आमच्याकडंच राहिली. तालीम देवळामागं गेली. आप्पा तिथं पोरांना दम देताना दिसायचे, पण जवळनं कुणाचा बैल चालला की आपसूक दुसरीकडं बघायचे.

मी या नोकरीत पुढं पुष्कळ वर्षं काढली. कुणाची परीक्षा घ्यायची तर पुस्तक आधी आपण वाचावं, आणि सोबत माणूस असेल तर त्याला बोलू द्यावं, एवढंच शिकले. फार मोठं ज्ञान नव्हे, पण भल्याभल्यांना नसतं.

सेनेटबाई दुसऱ्या वर्षी परत आल्या. या वेळी फार विचार करून त्यांनी पुस्तकांची पेटी भरली होती. सगळी जनावरांची. हत्ती, सिंह, उंट, माकड. एका पुस्तकात माणूस म्हणून सापडायचा नाही. पेटी उघडून त्या कौतुकानं बघत राहिल्या.

गंगाक्कानं वरची दोन पुस्तकं उलटीपालटी करून बघितली आणि परत पेटीत ठेवली.

“बाई, ससं-कासवं लई झाली,” ती म्हणाली. “आता माणसांचं आणा. नावांचं काय ते आमी बघतो.”