शकूच्या नावाची बाटली

भावोजींचा, म्हणजे शकूच्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मी वॉर्डात सलाईन लावत होते. "शकू गेली," एवढंच म्हणाले. मी "बरं" म्हटलं, सलाईन लावून घेतलं आणि मग ड्यूटीरूममध्ये जाऊन टेबलावर हात आपटला. महिना उलटून गेला, तरी राग उतरत नाही. रडूसुद्धा येतं ते रागाच्या मागून येतं.

शकू आणि मी कळंबकडच्या एका सरकारी दवाखान्यात बरोबरीनं नर्स म्हणून लागलो, बरोबरीनंच केस पिकले. ती गोड, माझी जीभ तिखट. बाळंतिणीचं पोर पोट फुगून रडायला लागलं की ती बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावायची, ओव्याचा शेक द्यायची. मीही द्यायचे. डॉक्टर राऊंडला आले की ओव्याची पुरचुंडी उशीखाली. त्यानं कुणाचं वाईट झालं नाही. पेशंटच्या दंडाला मंतरलेला दोरा दिसला की मी म्हणायचे, "तोडा ते." ती म्हणायची, "राहू दे गं, दोऱ्यानं सुई थोडीच अडती?" आणि दोरा वर सरकवून शीर शोधायची. घरचे काढे, पुड्या, सगळं लोक तिलाच सांगायचे. मला कोण सांगतंय...

मग तिलाच साखर निघाली. गोळ्यांनी भागेना, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. तिनं बाटलीला पट्टी चिकटवली, वर आपलं नाव घातलं आणि वॉर्डातल्या फ्रीजच्या दारात ठेवली. मी येता-जाता बघायचे, वाटायचं घेतीय. एकदा पायाला फडकं दिसलं. "चप्पल चावली," म्हणाली. बाई, लोकांच्या पायांची ड्रेसिंगं करण्यात जन्म गेला तुझा, आणि मला चप्पल सांगतेस?

पाय काळा पडला आणि सोलापूरला हलवायचं ठरलं, तेव्हा खरं बोलली. बाजारात जडीबुटी विकणाऱ्याची भुकटी घेत होती. साखर मुळापासून जाईल, पण गोळी बंद, सुई तर नावालाही नको, असं त्यानं सांगितलेलं.

"तू नर्स हायस का कोण हायस?" मी ओरडले.

"नर्स हाय म्हणूनच गं. सुई लागलेल्यांचं काय होतं ते आपणच बघितलंय की. कुणाचा पाय गेला, कुणाचे डोळे..."

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता रोज सुचतं. अगं, वॉर्डात येतं कोण? हयगय करून उशिरा आलेलं माणूस. वेळेवर सुई घेऊन जे रानात राबतात, लेकीबाळींची लग्नं करतात, ते आपल्याकडं कशाला येऊन पडतील? आपण जन्मभर बिघडलेलंच बघितलं आणि तू खापर सुईवर फोडलंस.

दहाव्याला कुणीतरी म्हणालं, "आयुष्यच तेवढं होतं." तेवढं नव्हतं. बाजाराच्या दिवशी मी त्या भुकटीवाल्याला गाठून नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, "कुठल्या बाई?" त्याला आठवतसुद्धा नव्हती.

फ्रीज साफ करताना तिची बाटली हातात आली. वरचं टोपणही काढलेलं नव्हतं. टाकून द्यायला हवी होती, मी पुन्हा दारात ठेवली.

परवा एक मावशी हटून बसल्या. "सुई नगं बाई. सुई लागली म्हंजी माणूस गेलंच." मी फ्रीजमधून शकूची बाटली आणून त्यांच्या हातात दिली. "ही आमच्या सिस्टरची. टोपण काढलंय का बघा."

त्यांनी उलटीपालटी करून पाहिली. "न्हाय की. मग त्या सिस्टर कुठायत?"

मी नव्या बाटलीचं टोपण काढलं. मावशी माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग बाटली परत दिली आणि पोटावरचा पदर बाजूला केला.

सुई नव्या बाटलीतून दिली. शकूची बाटली तिच्या जागी ठेवली आणि फ्रीजचं दार जरा जोरातच लावलं.