नागूबाईच्या टोपल्यातली भाकरी

नागूबाईने उभ्या आयुष्यात भाकऱ्या कधी मोजून थापल्या नाहीत. खाणाऱ्यांची तोंडं मोजू नयेत आणि तव्यावरची भाकरी मोजू नये, ही तिच्या माहेरची, करमाळ्याकडची रीत. मोजलेल्या भाकरीला बरकत नसते म्हणे. मुलगा रत्नदीप नोकरीपायी पुण्याला गेला, घरात नवरा-बायको दोघंच उरले, तरी तिचा हात काही आखडला नाही. रोज संध्याकाळी टोपल्यात दोन-तीन भाकऱ्या उरायच्याच.

आणि उरलेल्या भाकरीला त्या घरात जागा नव्हती.

तो नेम तिच्या सासऱ्यांचा. सांगोल्याकडच्या गावी त्यांच्या आईला तराळकीची पाळी यायची. पाळीच्या दिवसांत गावाची पडतील ती कामं करायची आणि त्याच्या बदल्यात दारोदार उभं राहून, वरून टाकलेले शिळे तुकडे फडक्यात झेलायचे. ज्या वर्षी धम्मदीक्षा घेतली, त्या वर्षी सासऱ्यांनी ते फडकं चुलीत घातलं. बायको आणि तान्ह्या त्रिंबकला घेऊन सोलापूर गाठलं, गिरणीत चिकटले, आणि दारातच घरच्यांना बजावलं, "आजपास्नं या घरात शिळा तुकडा कुणाच्या तोंडात जायचा न्हाय."

नेम पुरुषाने केला. तो निभावून चार पोटं भरायची कशी, ते बायकांनी बघितलं. गिरणीला टाळेबंदी लागली तेव्हा नागूबाईच्या सासूने उरलेल्या भाकरीला पहिल्यांदा फोडणी घातली, आणि नागूबाई लग्न होऊन आली तशी दुसऱ्याच महिन्यात, दार लोटून घेऊन तिलाही शिकवलं. भाकरी गरम असताना झाकायची नाही, वाफ धरली की चिवडा वातड होतो. सकाळी ती हाताने चुरायची, सुरीने नाही. हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करायचे. ते सुती कापडावर घटकाभर वाऱ्याला पसरायचे, मग लोखंडी कढईत मंद आचेवर, वाजायला लागेपर्यंत परतायचे. ठेचलेला लसूण, कढीपत्ता, शेंगदाणे, हळद, मीठ. कढई उतरवल्यावर वरून शेंगाचटणी आणि चिमूटभर साखर.

"नाव इचारलं तर काय सांगू?" नव्या सुनेने विचारलं होतं.

"खाणारा मिटक्या मारायला लागला की नाव इचारत न्हाय," सासू म्हणाली.

त्रिंबकने मात्र विचारलं. तो पोस्टात लागला होता. दुपारी सायकल उन्हातून आणून भिंतीला टेकवायचा आणि चहाबरोबर काहीतरी चघळायला मागायचा. "हे कशाचं गं?" तो एकदा म्हणाला, आणि नागूबाईच्या तोंडून निघून गेलं, "कडक भाकरीचं. काशम्मानं दिलीया."

काशम्मा म्हणजे गल्लीच्या तोंडाला राहणारी लिंगायत बाई. एके काळी दोघी एकाच यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरायच्या. पुढे काशम्मा घरी कडक भाकऱ्या करून विकू लागली. पापडासारखी पातळ ज्वारीची भाकरी, ओलावा निघून कुरकुरीत होईस्तोवर वाळवलेली, महिनाभर टिकणारी. त्रिंबकने मान डोलावली, बशी पुसून खाल्ली. त्याला तीस वर्षं झाली. तीस वर्षं तो नागूबाईच्या कालच्या भाकरीचा चिवडा खात होता आणि काशम्माच्या हाताची तारीफ करत होता. ते ऐकताना नागूबाईला सुरुवातीला हसू यायचं. अलीकडे मात्र ते कुठंतरी टोचायला लागलं होतं.

यंदा पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारातल्या महिला मंडळाची सचिव संघप्रिया तिच्याकडे आली. संघप्रिया महापालिकेत कारकून, दोन लेकरांची आई, बोलायला झटपट.

"आजी, येत्या रविवारी विहारात ग्रंथाचं वाचन झाल्यावर तासभर तुमचा. आमच्या पोरांना त्या फुग्यासारख्या पुड्यांशिवाय काही गोडच लागत नाही. घरात असेल त्यातून खाऊ कसा करायचा, ते तुम्ही करून दाखवायचं."

"मी? माइकवर?"

"मग काय, मी? माझा तर भातसुद्धा करपतो."

नागूबाई हसत हो म्हणाली. त्रिंबक तर छाती फुगवून गल्लीभर सांगून आला. दुसऱ्याच दिवशी काशम्मा गुडघे धरत धरत घरी आली, तिलाही रविवारचं बोलावणं होतं. त्रिंबकने स्वतः उठून तिला खुर्ची दिली.

"काशम्मा, तुमचंबी नाव हुनार बरं का रविवारी! तुमची कडक भाकरी नसती तर हिचा चिवडा कसला?"

काशम्माने डोळे बारीक केले. "माझी भाकरी? अय्यो शिवा! अण्णा, मी तवा खाली ठेवून दोन वर्सं झाली की. ह्या गुडघ्यांनी बसू कुटं देतात?"

नागूबाई पदराने हात पुसत उभी होती. खोटं तयार होतं, जिभेच्या टोकावर. दुसऱ्या कुणाकडून आणते, सात रस्त्याच्या दुकानातून आणते. तिने ते गिळून टाकलं.

"माझ्या टोपल्यातली असतीया," ती म्हणाली. "काल राहिलेली."

"कदीपास्नं?" त्रिंबकने विचारलं.

"पयल्यापास्नं. तुमच्या आईनं शिकवलंय."

त्रिंबकचा चेहरा उतरला. तो ओरडणारा माणूस नव्हता. आवाज खाली गेला की समजावं, आत खोल कुठंतरी लागलंय. "माझ्या बापानं जे फडकं जाळलं," तो म्हणाला, "ते तू मला तीस वर्सं चाटवलंस."

काशम्माला राहवलं नाही. "अण्णा, राग मानू नका. कडक भाकरी म्हंजे तरी काय वो? शिळीच की! आमी पंधरा-पंधरा दिवस डब्यात ठिवतो. लोकं पाकिटं बांधून अमेरिकेला नेतात."

"तुमचं येगळं हाय, काशम्मा. तुमच्या शिळ्याला लोक चव म्हनतात. आमच्या शिळ्याला जात म्हनायचे."

खोटं कशाला बोला, नागूबाईला ते पटलं. बोलणं खरंच होतं. तिच्या आजेसासूने जे झेललं, ते तिने स्वतः झेललं नव्हतं.

शनिवारपर्यंत त्रिंबकने चहा नुसताच घेतला. शनिवारी सकाळी बाहेर पडला आणि परत येऊन ओट्यावर एक पाकीट ठेवलं. सात रस्त्याच्या दुकानातली कडक भाकरी, लेबल लावलेली.

"उद्या हे ने. ह्याचाच चिवडा करून दाखव. कडक भाकरी म्हन, संपला विषय."

"आन् कुनी इचारलं, घरात उरलेल्या भाकरीचं काय करायचं?"

"आमच्या घरात उरत न्हाय म्हनायचं."

"म्हंजे माइकवर खोटं बोलायचं."

"तीस वर्सं बोललीसच की! आनखी एक दिस बोललीस तर काय जीभ झडंल?" त्याने चष्मा काढून पुसला. "आयक, नागे. विहाराच्या हॉलात उभं राहून 'शिळी' हा शब्द काढलास, तर मी तितंच उठून उभा राहीन."

"ऱ्हावा की," नागूबाई म्हणाली. "बसून तरी कुनाचं भलं झालंय?"

म्हणाली खरी, पण दुपारभर तिचा हात कामात नव्हता. नवऱ्याने भरल्या सभेत उठून उभं राहायचं, आणि तेही बापाचं नाव घेऊन. गल्लीतल्या सुना काय म्हणतील? एकदा वाटलं, न्यावं पाकीट, एक तासाचा तर प्रश्न. मग आठवलं, सासूने दार लोटून शिकवलं होतं. तिनेही दार लोटूनच केलं. आता संघप्रियाच्या पोरीनेही दार लोटायचं का? दार लोटलं की आपलंच अन्न चोरीचं होतं. संध्याकाळी तिने रोजच्यासारख्या, न मोजता, भाकऱ्या थापल्या. तीन उरल्या. त्या तिने फडक्यावर उघड्या ठेवल्या, त्रिंबकच्या समोर.

रविवारी हॉल भरला होता. पुढे सतरंजीवर बायका, मागे भिंतीकडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दोन-चार पुरुष. त्रिंबक दाराजवळच्या खुर्चीवर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, काठी मांडीवर आडवी. संघप्रियाने शेगडी पेटवून दिली आणि माइक नागूबाईच्या तोंडाशी धरला.

नागूबाईने आधी सोप्यापासून सुरुवात केली. सकाळचा भात कुस्करायचा, त्यात बेसन, कांदा, ओवा, कोथिंबीर घालून तव्यावर चपटे वडे लावायचे. पण भात सकाळचाच. "आपल्या सोलापूरच्या उनात रातचा भात चिकाट झाला, वास आला, की तो भांड्यात ठिवायचा न्हाय. नासकं ते नासकं, त्याची काटकसर करू नका." दोन चपात्या उरल्या तर गूळ-तूप घालून लाडू. घट्ट वरण उरलं तर कणकेत मळून पुऱ्या. बायका हसत होत्या, दोघी-तिघी मोबाइलवर टिपून घेत होत्या.

मग तिने कापडी पिशवीतून दोन वस्तू काढून समोर ठेवल्या. एक पाकीट, एक फडक्यातली चवड. काशम्मा पुढच्याच ओळीत होती, ती सावरून बसली.

"ही दुकानातली," नागूबाई पाकिटावर बोट ठेवून म्हणाली. "लई चांगली असतीया. कवा भाजली, कुनी भाजली, मला ठावं न्हाय. हिला आपन कडक म्हनतो." मग तिने फडकं सोडलं. "आन् ही माझी. काल सांजच्याला मी भाजली. माझ्या तव्यावर. ही शिळी हाय."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. त्रिंबक उभा राहिला होता. बायकांनी माना वळवल्या.

"माझी आजी," तो म्हणाला, आणि थांबला. "माझी आजी सांगोल्याकडं दारोदार शिळं मागत होती. माझ्या बापानं शपथ घेतलीती. ह्या घरात शिळं न्हाय. आज माझीच बायकू…" त्याने काठी जमिनीवर टेकवली.

नागूबाईने कढईत तेल सोडलेलं होतं. तिने माइक स्वतःच्या हातात घेतला.

"तुमची आजी मागत न्हवती," ती म्हणाली. "कामाचा मोबदला मागत होती, आन् तिच्या फडक्यात टाकत होते ते लोकं शिळं. टाकनाऱ्याला लाज न्हवती. तिनं का लाजायचं? मामांनी फडकं जाळलं ते लई चांगलं केलं. म्या त्यांचं नाव कदीबी खाली पडू दिलं न्हाय. पर त्यांनी दुसऱ्याच्या दारातलं शिळं सोडलंतं. माझ्या दारातलं कुटं सोडलं? ही ज्वारी मी निवडलीया, मी दळून आणलीया, मी थापलीया. कुनी वरून टाकली न्हाय. ही टाकून दिली तर मी कुनापुढं मोठी हुनार हाय? आन् मोठं व्हायला शिळं लपवावंच लागत आसंल, तर ऱ्हाते मी ल्हान."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या ओळीतल्या एका म्हातारीने नुसतं "व्हय बाई" म्हटलं आणि डोळ्याला पदर लावला. त्रिंबक उभाच होता.

"आजी," संघप्रिया हळूच म्हणाली, "तेल धुरावलंय."

"अगं बाई!" नागूबाईने मोहरी टाकली, लसूण टाकला. "बगा, भांडन करताना बी फोडनीवरनं ध्यान काढायचं न्हाय. लसूण लाल झाला की मगच हळद, आदी टाकली तर जळती." बायका हसल्या, आणि हॉलात पुन्हा श्वास आला. संघप्रियाने चुरून दिलेले तुकडे कढईत पडले. ते वाजायला लागले तेव्हा तिने नजर वर केली. दाराजवळची खुर्ची रिकामी होती.

चिवडा वाटून संपला. बशा घासून ती घरी आली तर त्रिंबक दारापुढच्या ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होता. तिने भाकऱ्या थापल्या, त्याने गरम खाल्ल्या, उरल्या त्या फडक्यावर राहिल्या. दुसऱ्या दिवशी दार सताड उघडं ठेवून तिने चिवडा केला आणि शेजारच्या सुनेला मोठ्याने हाक मारली, "ये गं, कालच्या भाकरीचा हाय, नेतीस का वाटीभर?" त्याच्यासमोर बशी ठेवली. त्याने ती हाताने बाजूला केली. तिने ती उचलून स्वतः खाल्ली. मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच. त्याची मनधरणी तिने केली नाही आणि बशी ठेवायचीही सोडली नाही.

गुरुवारी त्रिंबकचा पोस्टातला जुना सोबती मायाप्पा आला. दोघं बाहेर बसले. नागूबाईने दोन चहा आणि दोन बशा आणून ठेवल्या आणि आत वळली. मायाप्पाने मूठभर तोंडात टाकला, दोनदा चावला, भुवया वर गेल्या.

"वहिनींचा हात लई भारी बगा, त्रिंबकराव! कडक भाकरीचा हाय न्हवं?"

आत नागूबाईचा हात भांड्यावर थांबला. तो 'व्हय' म्हणाला असता तर ती बाहेर जाऊन सांगणार होती, पाहुण्यासमोर. पाऊल उचललंही होतं.

बाहेर कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"न्हाय," त्रिंबक म्हणाला. आवाज जड होता, नाराजही होता. त्याची स्वतःची बशी अजून तशीच होती. "कालच्या भाकरीचा. शिळ्या. आमच्याच घरच्या."

"अस्सं?" मायाप्पा म्हणाला आणि दुसरी मूठ भरली.