कूड उभा, तर पत्रा

जळगाव स्टेशनवर उतरल्या उतरल्या आमच्या कदमकाकांनी केळी घेतली आणि फलाटावर उभ्यानंच खायला सुरुवात केली. "आपल्याकडच्या केळ्यांना ही गोडी नाही हो ताई!" मी म्हटलं, "काका, आपण अभ्यासदौऱ्यावर आलोय, खादाडीला नाही." पुढे खादाडी कोणी केली ते सांगतेच.

आम्ही दोघं कोकणातल्या एका छोट्या नगरपालिकेचे सभासद. काका जुनं खोड, मी महिलांच्या राखीव जागेवर नुकतीच निवडून आलेली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आमच्याकडे दर पावसाळ्यात खाडीकाठच्या झोपड्या जातात, माणसं शाळेच्या वऱ्हांड्यात येतात, आम्ही खिचडी वाटतो, फोटो काढून घेतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. माणसं उघड्यावर येण्याआधीच काहीतरी करणारी एक पालिका जळगाव-धुळ्याच्या मध्ये आहे असं कानावर आलं, म्हणून निघालो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांनी आम्हाला फार मानानं वागवलं.

जळगावच्या पेठेत मी सोन्याची दुकानं बघत रेंगाळले आणि त्यात आमची एसटी चुकली. काकांनी तोंडसुख घेतलं. दुसरी गाडी मिळाली तिच्या खिडकीला काच नव्हती. गावात पोचेपर्यंत माझे केस धुळीनं पांढरे झाले. दोन्ही बाजूंना काळी जमीन मोकळी पडलेली. कपाशी वेचून झालेली, झाडं उपटून नेलेली. नजर जाईल तिथवर काडी दिसत नव्हती.

नगराध्यक्षांना सगळे नाना म्हणत. धोतर, टोपी, खणखणीत आवाज. चहा पुढे करतच त्यांनी योजना सांगितली. "पूर आल्यावर मंडप, धान्य, औषधं यावर पैसा जायचाच. मग तो आधीच का नाही खर्चायचा? आठवडे बाजाराच्या वसुलीतला एक हिस्सा वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढतो. त्याला हात लावायचा नाही, रस्ता खचो की दिवे बंद पडोत. नाल्याकाठच्या घरांना उंचावर जागा आखून देतो. खांब पालिकेचे, पत्रे पालिकेचे. कूड (काटक्या बांधून शेणामातीनं लिंपलेली भिंत) ज्याचा त्यानं उभा करायचा."

"आणि नाही केला तर?" मी विचारलं.

"तर पत्रे पुढच्या घराला. पहिल्या वर्षी लोकांनी पत्रे घेऊन विकून खाल्ले हो! तेव्हापासून एकच नियम. कूड उभा, तर पत्रा."

मला हे इतकं आवडलं की काय सांगू! आमच्याकडे सगळ्या योजना सवलतीतच बुडालेल्या.

जेवण नव्या वस्तीच्या कडेला, लिंबाच्या सावलीत होतं. भरिताची लांबोडकी हिरवी वांगी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या) जाळावर भाजत होती. पालिकेचा शिपाई घामाघूम होऊन एकेक मोळी आगीत सारत होता. "ताई, पऱ्हाटीवर भाजेल शे (भाजलेलं आहे). गॅसवर ही चव येत नही!" खरंच होतं ते. मिरची-लसणाचा ठेचा, कांद्याची पात, वर शेंगदाणे, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. मी मागून मागून खाल्लं. हात धुतले तरी बोटांचा धुराचा वास जात नव्हता, आणि मला तो जायला नकोच होता.

मग दोन शब्द बोलायला सांगितलं. मला काय, माइक नसला तरी चालतं! ठासून म्हणाले, "नियम असावा तर असा. एकाला सवलत दिली की योजना संपली." टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात नानांनी वाजवल्या.

पत्रे आमच्या हस्ते द्यायचे ठरले होते. ट्रॅक्टरमागे आम्ही वस्तीत गेलो. पहिल्याच जागेवर नुसते चार खांब उभे. शेजारी एक वयस्क बाई, डोक्यावर पदर, हात शेणामातीनं कोपरापर्यंत भरलेले. लिंपायचा गारा तिनं कालवून तयार ठेवला होता.

"अक्का, कूड कुठंय?" नाना म्हणाले. "पाहुणे आज येणार, माहीत होतं ना?"

अक्का आमच्याकडे बघून म्हणाली, "कूड तं पाव्हनास्नी खाई टाका, नाना." (कूड तर पाहुण्यांनी खाऊन टाकला.)

सगळे खो खो हसले. मीही हसले. काय फटकळ बाई आहे, म्हटलं!

ती मात्र हसत नव्हती. "लिंबखाले ठेयेल व्हती. मन्ही पऱ्हाटी बठ्ठी चूलमा गयी." (लिंबाखाली ठेवली होती. माझी पऱ्हाटी सगळी चुलीत गेली.)

शिपायानं मान खाली घातली. त्या बिचाऱ्याला तरी काय बोलायचं? खानदेशात मोकळ्यावर पऱ्हाटी रचलेली दिसली की ती भरितासाठीच आणली असं कुणालाही वाटणार. तिनं ती कुडासाठी शेताशेतांतून मागून, डोक्यावर वाहून आणलेली. आता शेतं मोकळी. दुसरी पऱ्हाटी पुढच्या कपाशीला मिळणार, आणि त्याआधी पावसाळा.

मी पुढे होऊन म्हटलं, "नाना, पत्रे उतरवा ना इथेच. चूक आपली आहे."

नाना चपापले. मागे वस्तीतली सगळी माणसं जमली होती. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, हे सगळे ऐकताहेत. आत्ताच तुम्ही म्हणालात, एकाला सवलत दिली की योजना संपली. आता मी कोणत्या तोंडानं देऊ?"

मी काय करायला हवं होतं? तिथेच ओरडून सांगायला हवं होतं की मी मूर्खासारखी बोलले. पण मला माझ्या टाळ्यांची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी गप्प बसले. ट्रॅक्टर पुढे गेला. शेजारच्या घराचा कूड सुरेख लिंपलेला होता. ते पत्रे माझ्याच हस्ते दिले गेले, हार पडला, फोटो निघाला.

परतताना अक्का तिथेच, कालवलेल्या गाऱ्यापाशी बसली होती. मी जवळ जाऊन पुटपुटले, "अक्का, आम्हाला माहीत नव्हतं हो."

"ऱ्हाऊ द्या, माय," ती म्हणाली. मग अगदी सरळ, घरी आलेल्याला विचारावं तसं विचारलं, "भरीत तरी गोड लागनं का?"

मी म्हटलं, "हो." गोड लागलं होतंच.

धुळ्याला मुक्काम होता. काकांनी तिथली प्रसिद्ध फौजदारी डाळ मागवली. मी ताटाला हात लावला नाही. काका डाळीत भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाले, "ती गंमत करत्येय असं वाटलं हो मला." मी म्हटलं, "मलाही."

घरी आल्यावर मी तीच योजना आमच्या सभेत मांडली, फक्त क्रम उलटा करून. आधी पत्रा, कूड नंतर. लगेच एक सभासद उठले. "बाई, पत्रे विकून खातील लोक! खानदेशात आधी भिंत मागतात ना? मग तुम्ही तिकडे जाऊन शिकलात काय?"

खरं तेच सांगायचं ठरवून मी उभी राहिले. म्हटलं, "आम्ही तिकडे एका बाईची भिंत खाऊन आलो."

सगळं सभागृह खो खो हसलं. त्यांचं हसणं थांबेपर्यंत मी उभी राहिले.