माणिकराव मास्तरांच्या स्वस्तातल्या मूर्ती

शाळेत नोकरी करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. मधल्या सुट्टीत नुसतं गप्प बसलं तरी अंगावर येऊन पडतात! पालमच्या आमच्या शाळेतले निम्मे किस्से एकट्या माणिकराव मास्तरांचे. मास्तर ड्रॉईंग शिकवायचे. निजामीत हैदराबादला जाऊन मूर्तिकाम शिकून आलेले. आम्हाला चिंता, रिटायर झाल्यावर काय करायचं. त्यांना चिंता, रिटायर व्हायच्या आत काय काय घडवायचं! संगमरवर, प्लास्टर दोन्ही मास्तरकीच्या पगाराबाहेरचं. मग हाताला लागेल ते.

*

एकदा त्यांनी जुन्या उत्तरपत्रिका भिजवून, मेथीचं वाटण घालून कुटल्या आणि त्या लगद्याची सरस्वती केली. वरून त्याच कागदाचे तुकडे चिकटवले. रंग काही परवडला नाही. इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आले, चष्मा सावरत जवळ गेले. देवीच्या कोपरावर लाल शाईत स्पष्ट लिहिलेलं, 'अगदीच ढ'!

"हे काय, मास्तर?"

"साहेब, आमच्या शाळेत हाय तेवढी सगळी विद्या हिच्यात घातलीया!"

हेडमास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

*

राणीसावरगावकडच्या एका देशमुखांना वडिलांचा पुतळा हवा होता. भक्ती मोठी, हात आखडता.

"मास्तर, आख्खा पुतळा लय महाग पडायलाय. पाय नका करू."

"बरं."

"हात तरी कशाला? छातीपर्यंत बास."

"बरं."

"आणखी काही कमी होतंय का बघा की!"

मास्तर शांतपणे म्हणाले, "मग बिनडोक्याचा करू. तुमच्या घराण्यात खपून जाईल!"

देशमुख गंभीरपणे म्हणाले, "भावाला इचारून सांगतो."

*

निजामीत मास्तरांनी एका तालुकदार साहेबांचा, म्हणजे तेव्हाच्या कलेक्टरचा, अर्धपुतळा केला होता. पोलीस ॲक्शन झाली, निजामी संपली, साहेब गेले, पुतळा शाळेच्या अडगळीत पडला. पुढे शाळेत स्वातंत्र्यसैनिकाचा पुतळा बसवायचं ठरलं. मास्तरांनी अडगळीतल्या तालुकदाराचीच दाढी खरवडली, तुर्की टोपी उतरवून पांढरी चढवली. नव्या राजवटीचे अधिकारी आले, हार घालून, भाषण करून गेले.

मी म्हणालो, "अहो मास्तर, माणूस तोच की!"

"मग? हार घालणारा नीट बघितलाव का? त्यो तालुकदाराच्याच कचेरीतला. त्यानं बी टोपीच बदललीया!"

*

सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळायचं. कचेरीतला कारकून म्हणाला, "मूर्तीला परवाना न्हाई. पाण्याच्या हौदाला हाय." मास्तरांनी हौद सांगून सिमेंट आणलं आणि कापूस वेचणारी बाई घडवली. पुढे त्या कचेरीतले साहेब हौद बघायला हजर.

"पाणी कुठाय?"

"हिच्या डोळ्यात बघा, साहेब!"

साहेबांनी खरंच वाकून बघितलं!

*

रिटायर व्हायला थोडे महिने उरले तेव्हा मात्र मास्तर बदलले. म्हणाले, "माती, लगदा सगळं जाणार. एक तरी काम धातूत ऱ्हायला पायजे." गावाने मोडकी भांडी द्यायचं कबूल केलं. प्रत्यक्षात आला एक चेपलेला गडू आणि ढीगभर सल्ले. मास्तर कुणाशी बोलेनासे झाले.

शेवटी त्यांच्या बायकोने, सरूबाईंनी, माहेरची पितळी घागर उचलली आणि पितळ ओतणाऱ्या ओताऱ्याच्या दारात नेऊन ठेवली. लग्नातली घागर. रोजचं पाणी तिच्यातच यायचं.

मास्तर म्हणाले, "अगं, मग पाणी कशानं आणशील?"

"मडक्यानं आणीन. तुमी तोंड पाडून बसू नका, एवढंच."

निरोपसमारंभात मूर्तीवरचं कापड बाजूला झालं. पितळेत सरूबाईंचाच चेहरा! कपाळावरची आठीसुद्धा हुबेहूब. सरूबाई पुढे आल्या. गालावरून बोट फिरवलं, नाक चाचपून बघितलं.

"कशी झालीया?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"घागर बरी होती वो!" सरूबाई म्हणाल्या. पदराने डोळे पुसले, मूर्ती उचलून कमरेवर घेतली आणि भर सभेतून घराकडे निघाल्या.