ती मुद्दाम करत नव्हती

माझी मुलगी साडेचार वर्षांची असताना मी तिला मारलं. एकदा नाही, चार-पाच वेळा. तिचा गुन्हा एवढाच, की तिची चड्डी खराब व्हायची.

आम्ही सोलापुरात राहतो. मी एका सरकारी कार्यालयात लिपिक. बायको मैंदर्गीच्या शाळेत शिक्षिका. सकाळची एसटी पकडून जाते ती संध्याकाळीच येते. त्यामुळे मुलीला शिशुवर्गात सोडणं आणि शाळेतून फोन आला तर धावणं माझ्याकडे.

दिवाळीनंतर फोन सुरू झाले. "कपडे खराब केलेत, घेऊन जा." टेबलासमोर लोक उभे असताना मी उठून जायचो. शाळेत काम करणाऱ्या मावशी तिला घेऊन फाटकाशी थांबलेल्या असत, हातात गाठ मारलेली पिशवी. वर्गातली मुलं खिडकीतून नाक दाबून बघायची. पोरगी खाली मान घालून उभी. मला तिची दया यायला हवी होती. मला माझ्या अब्रूची पडली होती.

मला वाटलं, जुलाब. डॉक्टरांना न विचारता दुकानातून जुलाब थांबवायचं औषध आणलं आणि तिला पाजलं. फरक पडला नाही. दिवसातून तीन-चार वेळा थोडंथोडं पातळ चड्डीला लागायचंच.

"सांगता येत नाही का तुला?" मी विचारलं.

"मला कळलंच नाही, बाबा."

मला ते धडधडीत खोटं वाटलं. तेव्हा पहिला धपाटा घातला.

एके दिवशी मावशी पिशवी देताना म्हणाल्या, "साहेब, पोर मुद्दाम करत न्हाय. सकाळधरनं पाय आवळून उभी हाय, चवड्यावर. डॉक्टरला दावा की."

"बघतो," म्हणालो आणि गाडीला किक मारली. झाडू मारणाऱ्या बाईनं मला शिकवावं, हे मला रुचलं नव्हतं.

बायकोचंही तेच. "ती पडद्यामागे जाऊन उभी राहते. घामाघूम होते. काहीतरी दुखतंय तिला."

"कुंथत असते. संडासात जायचा आळस," मी म्हणालो.

"तुम्ही तिच्याकडे बघता तरी का?"

मी पेपर उघडला.

पुढे मुलीनं जेवण सोडलं. नुसतं दूध मागायची, आणि आम्ही कपावर कप देत होतो, निदान तेवढं तरी पोटात जातंय म्हणून. एका रविवारी तिला उलटी झाली आणि पोट फुगून टणक लागलं, तेव्हा तिला बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं.

डॉक्टरांनी पोट हातानं चाचपलं आणि आम्हाला विचारलं, "शेवटची नीट शी कधी झाली?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोघांनाही सांगता आलं नाही.

"शी करताना दुखतं का गं?" त्यांनी मुलीला विचारलं. तिनं आधी माझ्याकडे बघितलं. मग मान डोलावली.

"रक्त आलं होतं. मग मी नाहीच केली."

"शाळेत लागली तर?"

"बाई म्हणतात, घरी जाऊन कर."

डॉक्टर आमच्याकडे वळल्या. "हे जुलाब नाहीत. बद्धकोष्ठ आहे. आत घट्ट गोळा अडकलाय. त्याच्या कडेनं पातळ झिरपतं. आतडं ताणलं गेलं की मुलांना ते खरंच कळत नाही. आणि पाय आवळून उभी राहते ती कुंथत नाही, दुखेल म्हणून दाबून धरते." मग त्यांनी विचारलं, "रागावलात का तिला?"

मी विषय बदलून जुलाब थांबवायच्या औषधाचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत भांडायला गेलो. मुख्याध्यापिकांनी आवाज न चढवता प्रवेशाच्या वेळचा नियमांचा कागद काढला. 'पाल्याने शौच घरी उरकून यावे.' खाली माझी सही. मी तो न वाचता सही केली असती तर बरं झालं असतं. मी वाचला होता. शिस्तीची शाळा दिसते, असं बायकोला म्हणालोही होतो.

डॉक्टरांनी पाण्यात विरघळवायची पावडर दिली होती. पहिले काही दिवस जास्त, आतलं सगळं निघून जाईपर्यंत. मग रोज, काही महिने. दूध कमी, पाणी जास्त, भाजी, पेरू, पपई. जेवणानंतर पायाखाली पाट देऊन पाच-दहा मिनिटं बसवायचं. शी झाली नाही तरी चिडायचं नाही. तीन आठवड्यांनी मला वाटलं, बरी झाली, आणि मी पावडर बंद केली. आठवड्यात पुन्हा पडद्यामागे. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, मध्येच सोडू नका म्हणून. तेही मी ऐकलं नव्हतं. पुढे बायकोनं औषध स्वतःकडे घेतलं, आणि वर्ष संपता संपता मुलगी खरी बरी झाली. शाळाही आम्ही बदलली.

मध्यंतरी मी बायकोला म्हणालो, "तिला आता काही आठवत नसेल."

"मला आठवतं," ती म्हणाली.

मुलगी आता पहिलीत आहे. संडासात एकटी जाते. जरा वेळ लागला की आतून आवाज देते, "बाबा, मी करतेय हां. खरंच करतेय." कुणी विचारलेलं नसतं. मी बाहेरून म्हणतो, "सावकाश होऊ दे." ती नंतर हात धुऊन माझ्या बाजूनं न येता स्वयंपाकघरातून आईकडे जाते.