डिस्क लाजत होती

सर्व्हरचं स्टोरेज बिघडलं की हडपसरच्या आमच्या ऑफिसात सदाशिव पेठेतून दुरुस्तीवाले एक गृहस्थ स्कूटरवर येतात. सर्व्हरला "अहो, दाखवा आता" म्हणतात. आम्हाला मात्र अरे-तुरे.

त्या दिवशी बारा डिस्कपैकी सर्व्हरला अकराच दिसत होत्या. मी सकाळपासून कमांडवर कमांड देत होतो.

"कपाट उघडून पाहिलंस, की नुसती पूजाच सांगतोयस?" म्हणत त्यांनी सर्व्हरचं कपाट उघडून बारावी डिस्क अंगठ्याने आत दाबली. टक्क! स्क्रीनवर बारा.

ती डिस्क आदल्या दिवशी मीच बसवली होती. आमच्या साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "नवीन आहे हो. लाजत होती जरा."

हल्ली मी घराचं कुलूपसुद्धा टक्क ऐकल्याशिवाय सोडत नाही.